अल्पाइन लूपचे फॉल कलर्स: सप्टेंबरअखेर की ऑक्टोबर?

मृद्गंध

युटाच्या अल्पाइन लूप या डोंगररस्त्याबद्दल (स्टेट रूट ९२) नेमकी माहिती हवी आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी रात्री सॉल्ट लेक सिटीला उतरतोय, रविवारी संध्याकाळी परत. शनिवार पूर्ण मोकळा. गाडी भाड्याची, सात सीटची एसयूव्ही. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा मैल चालतात, चढ मात्र नको.

तारीख लवकर आहे की बरोबर? नेटवरच्या रंगीत नकाशात ऑक्टोबरचा पहिला आठवडा 'पीक' दाखवतात, काही ठिकाणी तर सप्टेंबरचा मध्य. लूप कुठल्या बाजूने सुरू करावा, प्रोव्होकडून की अमेरिकन फोर्ककडून? रस्ता फार अरुंद आहे असं वाचलं, एसयूव्ही जाईल ना? आणि फार न चालता रंग जवळून बघता येतील अशा जागा कुठल्या?

---

डोंगरकपारी

तारीख उत्तम निवडली आहे. पण नकाशे एकमेकांशी का जुळत नाहीत ते आधी समजून घ्या, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होणार नाही.

वॉसॅच डोंगरात पीक एक नसतं, दोन असतात. खालच्या उतारांवर, साधारण ५,००० ते ७,५०० फुटांच्या पट्ट्यात, बिगटूथ मेपल आहे. तो लाल होतो. त्याची सुरुवात सप्टेंबरच्या मध्याला, आणि २० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत तो ऐन भरात. त्याच्या वर, ७,००० फुटांपासून पुढे, क्वेकिंग ॲस्पेन. तो पिवळा होतो, आणि या भागात त्याचा भर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

सगळीकडे सांगतात की रंग डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतो. एकाच जातीच्या झाडांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण दोन जाती शेजारी ठेवल्या की इथे उलटं दिसतं: खालचा मेपल आधी लाल, वरचा ॲस्पेन मागून पिवळा. म्हणून १८ सप्टेंबरला गेलेला माणूस लाल उतार आणि हिरवे ॲस्पेन बघून येतो आणि म्हणतो 'लवकर गेलो'. ६ ऑक्टोबरला गेलेल्याला वर सोनं दिसतं आणि खाली नुसत्या काटक्या, तो म्हणतो 'उशीर झाला'. दोघंही आपापल्या झाडाबद्दल बरोबर. तुमचा शनिवार या दोन्हींच्या मधल्या सांध्यावर येतो.

नकाशांचं म्हणाल तर ते अख्ख्या काउंटीला एकच रंग फासतात. लूप ज्या युटा काउंटीत आहे तिच्यात युटा लेक सुमारे ४,५०० फुटांवर आणि माउंट नेबो ११,९२८ फुटांवर. एवढ्या उंचसखल मुलखाला एकच 'पीक' तारीख देण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा गुरुवारी-शुक्रवारी संडान्स रिसॉर्टचे वेबकॅम बघा, आणि लोकांनी टाकलेले फोटो बघताना फोटो कधी काढला ते तपासा. गेल्या वर्षीचे फोटो या वर्षीचे म्हणून फिरत असतात. गेल्या ४८ तासांतला फोटो असेल तरच विश्वास ठेवा.

एक सावधगिरी. उतारांवर करड्या-तांबूस रंगाची खुरटी झाडी दिसेल, ती वाळलेली नाही. तो गॅम्बेल ओक. त्याचा शरदातला रंगच गंजलेल्या लोखंडासारखा असतो आणि पानं तपकिरी होऊनही बरेच दिवस फांदीवर लटकून राहतात. ते बघून 'सगळं संपलं' म्हणत गाडी वळवू नका.

---

क्लचप्लेट

रस्त्याबद्दल मी सांगतो.

एसयूव्ही आरामात जाते. ३० फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, तुमची गाडी सतरा फुटांच्या आसपास असेल. लूप सुमारे २० मैल, माथा साधारण ८,००० फूट. न थांबता गेलं तर तासभर. थांबत गेलात तर तीन तास धरा, आणि रंगांच्या दिवसांत शनिवार असेल तर त्यावर आणखी एक.

प्रोव्हो कॅन्यनच्या यूएस १८९ वरून संडान्सपर्यंत साधा दोन पदरी रस्ता आहे. ॲस्पेन ग्रोव्ह या ठिकाणाच्या पुढे तो आकसतो. मधली रेघ जाते, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला काठाशी दबून थांबावं लागतं. वेग ताशी १५-२० मैलांच्या वर नेऊ नका. आंधळ्या वळणावर काच थोडी खाली ठेवा, समोरच्या गाडीचा आवाज आधी येतो. चिंचोळ्या जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा डोंगरातला शिरस्ता. तरी मागे जायला ज्याला जागा जवळ आहे त्याने मागे जावं, तिथे नियमांवरून हुज्जत घालू नये.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. लोक नेमकं हेच करतात आणि पायथ्याशी जळका वास येतो. ब्रेक सतत घासत राहिले की पॅड आणि डिस्क तापतात, ब्रेक फ्लुइडमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. ऑटोमॅटिकमध्ये 'एल' असेल तर तो, नाहीतर मॅन्युअल मोडवर जाऊन दुसरा गिअर. इंजिनचा आवाज चढेल, ३,००० ते ३,५०० आरपीएम दिसेल, चालतं ते. ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. भाड्याच्या गाडीत हा मोड कुठे आहे ते विमानतळाच्या पार्किंगमध्येच शोधून ठेवा. गाडी इलेक्ट्रिक मिळाली तर शंभर टक्के चार्ज करून माथ्यावर जाऊ नका. भरलेली बॅटरी उतारावरची ऊर्जा परत घेऊ शकत नाही, आणि रिजन ब्रेकिंग (मोटरने वेग रोखून बॅटरी भरणं) तेवढ्यापुरतं कमी होतं.

पेट्रोल खाली भरा, लूपवर पंप नाही. फोनला रेंज बहुतांश ठिकाणी नसते, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. सगळ्यांनी कुठे भेटायचं ते गाडीतून उतरायच्या आधी ठरवा, कारण 'फोन कर' हे तिथे चालत नाही.

पार्किंग: चारही चाकं पांढऱ्या रेघेच्या बाहेर. एका गाडीने अर्धी गांड रस्त्यात सोडली की मागे अर्धा मैल खोळंबा होतो. पुलआउट (रस्त्याकडेची थांबायची जागा) दिसला आणि भरलेला असला तर पुढे चला. रस्त्यात गाडी उभी करून एकाने फोटो काढायला उतरायचं, हा प्रकार वळणावर जिवावर बेततो.

बाजू कुठलीही घ्या, फारसा फरक पडत नाही.

---

फोकल_लांबी

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. क्लचप्लेट, तुमचं लक्ष रस्त्यावर असतं म्हणून असेल. :)

टिंपानोगोस डोंगर (११,७५० फुटांच्या वर) लूपच्या पश्चिमेला उभा आहे. संडान्स आणि ॲस्पेन ग्रोव्ह त्याच्या पूर्व अंगाला. म्हणजे सकाळचं ऊन थेट त्या कड्यावर आणि खालच्या ॲस्पेनवर पडतं. दुपार कलली की सूर्य त्याच डोंगरामागे जातो आणि अधिकृत सूर्यास्ताच्या कितीतरी आधी ती सगळी बाजू सावलीत जाते. उलट, अमेरिकन फोर्क कॅन्यन पूर्व-पश्चिम, खोल आणि चिंचोळा. सकाळी लवकर तिथे तळाशी ऊनच पोचत नाही, उजेड निळसर असतो आणि लाल मेपल काळपट दिसतात. तो कॅन्यन अकरा ते दोन या वेळात खुलतो.

म्हणून प्रोव्होकडून सुरुवात. सप्टेंबरअखेरीस सूर्योदय साधारण सव्वासातला. साडेसातपर्यंत संडान्सच्या फाट्याला लागा. आय-१५ वर एक्झिट २७२ घ्या, ऑरेमचा ८०० नॉर्थ थेट प्रोव्हो कॅन्यनच्या तोंडाशी नेतो. नवाच्या सुमाराला माथा, मग दुपारी अमेरिकन फोर्ककडून उतरून एक्झिट २८४ ला परत आय-१५.

फोटोंसाठी थोडंसं. पिवळ्या ॲस्पेनच्या फोटोत सगळ्यात जास्त वेळा जे बिघडतं ते एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटलेला असतो आणि पानांचे तपशील जाऊन पिवळा चिखल उरतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा. फोनवर: सगळ्यात चमकणाऱ्या पानावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झाल्यावर बोट खाली ओढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पिवळेपणा 'दुरुस्त' करायला जातो. 'डेलाइट'वर बांधून ठेवा.

पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) असेल तर जरूर. लोकांना वाटतं तो आकाश निळं करायला असतो. त्याचं खरं काम पानांवरची चकाकी काढणं. पान मेणचट असतं, त्यावर आकाशाचं पांढरं प्रतिबिंब पडतं आणि रंग धुतल्यासारखा दिसतो. फिल्टर फिरवताना आकाशाकडे नको, पानाकडे बघा. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, आणि ॲस्पेनची पानं थरथरत असतात, तेव्हा शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. वारा असेल तर १/५००. फार वाइड लेन्सवर पोलरायझरने आकाशात गडद पट्टा उमटतो, तेव्हा तो काढून ठेवलेला बरा. आणि गाडीच्या काचेतून पोलरायझर लावून फोटो काढू नका; टफन्ड काचेतले ताण ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतात. काच खाली करा.

ॲस्पेन सूर्याकडे तोंड करून बघा. पानातून उजेड आरपार येतो तेव्हा ते पेटल्यासारखं दिसतं, पाठीवर ऊन घेऊन बघितलं तर तेच पान सपाट वाटतं. मेपलचं बरोबर उलटं: ढगाळ हवा मिळाली तर हळहळू नका, लाल रंग मऊ उजेडात जास्त गहिरा दिसतो. फक्त फ्रेममधून पांढरं आकाश वगळा.

---

पानवेल

डोंगरकपारींनी 'कधी' सांगितलं, थोडं 'का' सांगते, कारण त्यावरून त्या आठवड्यातलं हवामान बघून अंदाज बांधता येतो.

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. कॅरोटिनॉइड उन्हाळाभर हरितद्रव्याखाली झाकलेले असतात. दिवस लहान व्हायला लागले की झाड नवं हरितद्रव्य करणं थांबवतं, असलेलं मोडून त्यातला नायट्रोजन खोडात परत ओढतं, आणि पिवळा उघडा पडतो. म्हणून ॲस्पेनचा पिवळा दरवर्षी बऱ्यापैकी भरवशाचा.

लाल रंग तसा नाही. तो अँथोसायनिनचा, आणि झाड तो त्या दोन-तीन आठवड्यांत नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेतून. देठाच्या बुडाशी पान गळण्यासाठी पेशींचा थर तयार होऊ लागतो, साखर बाहेर जायची वाट अरुंद होते; दिवसा लख्ख ऊन असेल तर साखर बनत राहते, रात्री गार पण गोठणबिंदूच्या वर असतील तर ती पानातच राहते. म्हणजे ऊन आणि ३५ ते ४५ फॅरेनहाइटच्या रात्री असा आठवडा लागून आला तर मेपल भडक. ढगाळ-उबदार आठवडा असेल तर फिका नारिंगी. कडक हिमतुषार लवकर पडला तर पेशीच मरतात आणि पान थेट तपकिरी. उन्हाळा कोरडा गेला असेल तर पानांच्या कडा ऑगस्टमध्येच करपतात आणि रंग लवकर येऊन लवकर जातो. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते ना, तोही अँथोसायनिनच. तिथे पानाच्या जन्माला, इथे निरोपाला.

गाडीतून उतरलात की मेपलचं एक पान जवळून बघा. वरच्या पानाची सावली खालच्यावर पडत असेल तर नेमका तेवढाच आकार पिवळट-हिरवा राहिलेला असतो, बाकीचं लाल. अँथोसायनिन बनायला उजेड लागतो, त्याचा तो ठसा. मग ॲस्पेनचं गळलेलं पान उचलून देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. फिरत नाही, कारण देठ गोल नाही, चपटा आहे, पानाच्या पात्याला काटकोनात. वाऱ्याची झुळूक आली की पान त्या पट्टीवर डावी-उजवीकडे लटपटतं. पिंपळाच्या पानाची सळसळ आपल्याला ठाऊक असते. ही त्याहून बारीक आणि कोरडी, लांबून पाणी वाहतंय असं वाटतं.

उतारावर एक पट्टा पूर्ण पिवळा आणि त्याला लागून एक पट्टा अजून हिरवागार, मधे रेघ मारल्यासारखी सीमा, असं दिसेल. दोन वेगळ्या जाती नाहीत त्या. ॲस्पेन मुळांतून नवे कोंभ फुटून पसरतो, त्यामुळे एका पट्ट्यातली सगळी खोडं म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. ते एकदमच पिवळं होतं, शेजारचं झाड त्याच्या वेळेने. युटामधल्याच फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधला 'पँडो' नावाचा ॲस्पेन असाच, सुमारे १०६ एकरांवर पसरलेला, अंदाजे ४७,००० खोडांचा. काही ॲस्पेन नारिंगी किंवा लालसर होतात तेही त्या-त्या क्लोनचं (एकाच मुळांतून पसरलेल्या पट्ट्याचं) वैशिष्ट्य, आजाराचं लक्षण नव्हे.

खोडांवर नावं कोरलेली दिसतील. ॲस्पेनची साल पातळ आणि जिवंत असते, तीत हरितद्रव्य असतं. कोरलेल्या जखमेतून बुरशी शिरते आणि खोड मरतं. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

---

मृद्गंध

सगळ्यांचे आभार, प्रोव्होकडून सुरुवात पक्की. दोन गोष्टी राहिल्या. आई-बाबांसाठी कमी चालण्याच्या जागा? आणि आम्ही मावसभावाकडे उतरतोय, तो म्हणतो एवढं लांब कशाला, बिग कॉटनवुड कॅन्यन घराजवळ आहे, तिथूनच गार्ड्समन पासला जाऊ, आणि त्याचा कुत्राही बरोबर घेऊ.

---

डोंगरकपारी

कुत्र्याचं आधी. बिग कॉटनवुड आणि लिटल कॉटनवुड या दोन्ही कॅन्यनमध्ये कुत्रा नेता येत नाही. ट्रेलवर नाही, पट्टा लावून नाही, गाडीत बसवूनही नाही. सॉल्ट लेकचं पिण्याचं पाणी तिथून येतं, म्हणून हा पाणलोटाचा नियम, आणि दंड होतो. मावसभाऊ तिथला आहे म्हणजे त्याला माहीत असायला हवं. :) अमेरिकन फोर्कच्या बाजूला पट्ट्यावर कुत्रा चालतो, फक्त टिंपानोगोस केव्हच्या ट्रेलवर नाही.

गार्ड्समन पास ९,७१७ फुटांवर आहे, ॲस्पेन छान आहेत, पण वर गाडी लावायला जागा नगण्य. शनिवारी दहानंतर तिथे गेलात तर रंग गाडीतूनच बघून परत याल. शिवाय मेपलचा लाल लूपवर जास्त. दोन्हींपैकी एक करायचं तर लूप.

कमी चालण्याच्या जागा, प्रोव्होच्या बाजूने येताना ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने. संडान्सला शरदातही चेअरलिफ्ट चालू असते. खालून वर जाताना मेपल संपून ॲस्पेन कुठे लागतो ते लिफ्टमध्ये बसल्या बसल्या दिसतं, यापेक्षा सोपा धडा नाही. खुर्ची उघडी असते आणि चढताना-उतरताना दोन पावलं चटकन टाकावी लागतात. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेटरला आधी सांगा, लिफ्ट हळू करतात. वेळापत्रक मात्र रिसॉर्टच्या साइटवर बघून ठरवा, सकाळी लवकर सुरू होत नाही. त्यासाठी थांबून राहू नका, लूपचा उजेड जाईल.

माथ्याजवळ कॅस्केड स्प्रिंग्जचा फाटा आहे, सुमारे सात मैल डांबरी रस्ता. तुमच्या आई-बाबांसाठी ही जागा सगळ्यात योग्य. चुनखडीच्या पायऱ्यांवरून झऱ्याचं पाणी तळ्यातळ्यांतून उतरतं, दिवसाला ७० लाख गॅलनपेक्षा जास्त, आणि त्यावर लाकडी फळ्यांची वाट नि छोटे पूल आहेत. खालचा फेरा जवळजवळ सपाट. वरच्या फेऱ्याला चढ आहे, तो सोडा. पाण्यात हात घालू नका, कडेच्या वनस्पती नाजूक आहेत. जाऊन-येऊन आणि तिथे फिरून दीड तास बाजूला ठेवा.

उतरताना टिबल फोर्क जलाशयाचा फाटा (स्टेट रूट १४४). गाडी लावली की पाणी समोरच, आणि वारा नसेल तर रंग पाण्यात दुप्पट. दुपारी पार्किंग भरलेलं असतं; एक फेरी मारा, मिळालं तर ठीक, नाहीतर पुढे चला.

टिंपानोगोस केव्ह मात्र आई-बाबांसाठी नाही. गुहेच्या दारापर्यंत दीड मैलात जवळजवळ १,१०० फूट चढ आहे. नावावरून 'रस्त्याकडेची गुहा' समजून तिकिटं काढतात आणि पायथ्याशी फसतात.

कॅन्यनमध्ये थांबून पार्किंग, टेबलं, ट्रेल वापरायचे तर फॉरेस्ट सर्व्हिसची फी लागते. 'अमेरिका द ब्यूटिफुल' पास असेल तर तो चालतो, आरशाला लटकवा.

---

क्लचप्लेट

कपड्यांचं कुणी बोललं नाही. दर हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरेनहाइट उतरतात. शहरात ७२ असेल तर माथ्यावर साठच्या आसपास, आणि सकाळी सावलीत त्याहून पुष्कळ कमी. आई-बाबांना कानटोपी आणि जाड जॅकेट. ८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट, म्हणजे चार पायऱ्यांनाही धाप लागते. पाणी पीत राहा, घाई करू नका. गाडी लागत असेल त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि फोनमध्ये बघू देऊ नका. कोरडी स्वच्छतागृहं ट्रेलहेडवर आहेत, कागद आणि सॅनिटायझर आपलं आपण न्या.

आणि शुक्रवारी रात्री ५११ ला फोन करा किंवा यूडॉट (युटाचं वाहतूक खातं) ट्रॅफिक ॲप बघा. माथ्यावर सप्टेंबरअखेर बर्फ पडणं नवलाचं नाही. रस्ता तात्पुरता बंद झाला तरी ॲस्पेन ग्रोव्हपर्यंतचा भाग सहसा चालू असतो, गेट त्याच्या वर आहे. तेव्हा प्रोव्हो कॅन्यन, ब्रायडल व्हेल फॉल्स, संडान्स एवढं करून खाली या. किंवा सरळ लोगन कॅन्यन धरा: यूएस ८९, लोगन ते बेअर लेक सुमारे ४० मैल, रुंद हायवे, बारमाही उघडा, मेपल भरपूर. सॉल्ट लेकपासून लांब पडतो एवढंच.

अर्धी गांड वगैरे लिहिलं त्याबद्दल माफी, आई-बाबांना धागा वाचून दाखवणार असाल तर तेवढं गाळा.

---

पानवेल

वाचून दाखवताना हेही सांगा. ओढ्याकाठी, दगडांच्या आडोशाला, गुडघाभर उंचीची तीन-तीन पानांची झुडपं सुंदर लाल-नारिंगी झालेली असतात. त्यातली बरीच पॉयझन आयव्ही असते. फोटोसाठी हातात धरली तर दोन दिवसांनी फोड येतात, आणि पान लाल झालं, गळून पडलं तरी त्यातलं तेल तसंच असतं. गोंधळ होतो तो बॉक्सएल्डरच्या रोपांशी, त्यांनाही तीन पानं असतात. डहाळीकडे बघा: बॉक्सएल्डरची पानं जोडीने समोरासमोर फुटतात, पॉयझन आयव्हीची एक इकडे एक तिकडे. खात्री नसेल तर हात लावू नका. लागलंच तर गार पाणी आणि भांड्यांचा साबण, जितक्या लवकर तितकं बरं, आणि कुत्रा त्यातून गेला असेल तर त्यालाही धुवा, त्याच्या केसांवरून तेल तुमच्या हाताला येतं.

---

मृद्गंध

कुत्रा घरीच राहणार असं आत्ताच ठरलं. शनिवारी साडेसहाला निघतोय.

---

फोकल_लांबी

सहाला निघा. सात सीटच्या गाडीत सगळे बसेपर्यंत साडेसहा होतातच.